चौथ्या सीटपासून चवड्यापर्यंत: पायाची हाडं आणि सांधे स्वतःच्याच पायावर शिका

फर्स्ट इयरच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल मॅडमनी माझ्या हातात फिब्युला ठेवला आणि विचारलं, कुठल्या पायाचा? मी तो इकडून बघितला, तिकडून बघितला, रात्रभर घोकलेलं मनातल्या मनात आठवलं आणि ठोकून दिलं, उजव्या. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हातातलं हाड घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. म्हणजे मी खालचं टोक वर धरून बाजू सांगत होते. घोकलेलं सगळं बरोबर होतं हो, पण ते हाड माझ्याच पायात, सॉक्सच्या इलॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला बसलंय हे कधी हात लावून बघितलंच नव्हतं.

आता मी फिजिओ आहे आणि दरवर्षी ओळखीतली दोनतीन फर्स्ट इयरची पोरं विचारतात ताई लोअर लिंब कसं करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझी पद्धत उलटी आहे, आधी स्वतःचा पाय, मग हातात हाड, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. मेडिकलचे नसाल पण गुडघा किंवा घोटा दुखतोय तर तुम्हालाही चालेल, फक्त शेवटचा डावा-उजवाचा भाग सोडून द्या.

काय लागेल: हाफ पॅन्ट, एक खुर्ची, आणि आयब्रो पेन्सिल. हो आयब्रो पेन्सिलच, कारण शेवटी सांगते.

आधी हिशोब. एका बाजूला एकूण ३१ हाडं. कमरेचं १, मांडीचं म्हणजे फीमर १, वाटी १, नडगीचा टिबिया १, त्याच्या बाजूचा बारीक फिब्युला १, पावलाच्या मागच्या भागात ७, मधल्या भागात ५ आणि बोटांमध्ये १४. बोटं पाच मग १४ कशी, तर अंगठ्याला दोन आणि बाकी चौघांना तीन तीन. कमरेचं हाड धरलं नाही तर ३०, त्यामुळे व्हायवाला आकडा सांगताना ते धरलंय की नाही हेही सांगा.

कंबर

कमरेवर हात ठेवून भांडायला उभे राहा. हात जिथे टेकले ती कड म्हणजे इलियक क्रेस्ट. दोन्ही बाजूंच्या कडांचा सगळ्यात उंच भाग मागे एका रेषेत जोडला तर ती रेषा साधारण कंबरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते, पाठीत सुई देताना डॉक्टर हीच रेषा पकडून जागा ठरवतात. आता कडेवरून बोट पुढे सरकवत न्या, जिथे कड संपून एक टोक लागतं तो एएसआयएस, म्हणजे अँटेरियर सुपीरियर इलियक स्पाइन. त्याला पेन्सिलने टिंब करा, पुढे लागणार आहे. मागे सरकवलंत तर कमरेखाली जे दोन खळगे दिसतात तिथे दुसरं टोक.

आणि बसायचं हाड? ते शिकायला लोकलची चौथी सीट पुरे. तीन बायका आरामात बसलेल्या, चौथीला 'सरका जरा' म्हणून जेवढी जागा मिळते तेवढ्यात एकच बाजू टेकते, दुसरी हवेत. ठाण्यापर्यंत ज्या एका हाडावर तुम्ही सगळा भार घेता ना, आणि उतरताना जिथे ठणकत असतं, ती इशियल ट्युबरॉसिटी. उभं असताना ती मोठ्या स्नायूखाली झाकलेली असते, बसलं की स्नायू वर सरकतो आणि हाड सरळ बाकावर. घरी लाकडी खुर्चीवर बसून हात खाली घाला, लगेच लागेल.

ही क्रेस्टवाली वरची पाकळी, बसायचा भाग आणि पुढे जांघेत मधोमध भेटणारा भाग, ही जन्माला येताना तीन वेगळी हाडं असतात. तिघं एका वाटीत येऊन मिळतात आणि मधली कूर्चा भरून एकजीव व्हायला साधारण १४ ते १६ वर्षं लागतात. ती वाटी म्हणजे खुब्याच्या सांध्याची खोबण, अ‍ॅसिटाब्युलम.

खुबा, आणि सगळे कुठे चुकतात

हाताचा अंगठा इलियक क्रेस्टवर ठेवा, पंजा खाली बाहेरच्या बाजूला पसरा, बोटांखाली एक टणक उंचवटा येईल. आता उभ्या उभ्याच पाऊल आत-बाहेर फिरवा, तो उंचवटा बोटांखाली पुढे-मागे सरकतो. हा ग्रेटर ट्रोकँटर, फीमरचा. कुशीवर झोपल्यावर गादीला टोचतो तोच.

हा खुब्याचा सांधा नाही हं. इथेच घोळ होतो. पेशंट येतात, बाहेरच्या बाजूला हात ठेवून म्हणतात, ताई, खुब्यात कळ येते. सांधा तिथे नसून पुढे जांघेत खोल आहे, एएसआयएसपासून पुढच्या मध्याच्या हाडापर्यंत तिरकी रेषा काढली तर तिच्या मध्याच्या जरा खाली. म्हणून खऱ्या खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं, कधीकधी तर फक्त गुडघ्यात, आणि बाहेरच्या उंचवट्यावर दुखतं ते बरेचदा तिथल्या स्नायूच्या शिरेचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनचं असतं.

फीमरचा गोळा जवळजवळ दोन तृतीयांश चेंडूएवढा गोल. तो खोबणीत घट्ट बसतो, आणि पुढून इंग्रजी वाय अक्षर उलटं ठेवल्यासारखं एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, त्याला धरतं, इलिओफीमोरल, शरीरातलं सगळ्यात मजबूत. व्हीटी स्टेशनच्या बाहेर टॅक्सीच्या लायनीत आपण कंबर जरा पुढे ढकलून आरामात उभे असतो तेव्हा स्नायूंना फार काम नसतं, हे लिगामेंटच आपल्याला धरून असतं.

गोळ्याला दांड्याशी जोडणारी मान, म्हणजे नेक, साधारण १२५ अंशात तिरकी. हा तिरकेपणा आहे म्हणून पाय मोकळा फिरतो, मांडी घालून बसता येतं. पण म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ झालं की हीच मान मोडते. आजी बाथरूममध्ये घसरल्या, उठता येत नाही, पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर पडलंय, असं दिसलं तर ओढून उभं करू नका, पाय सरळ करायलाही जाऊ नका, आहे तसं आधार देऊन हॉस्पिटल. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात, मान मोडली की त्या तुटतात आणि गोळा मरायला लागतो, म्हणून या फ्रॅक्चरमध्ये कित्येकदा गोळाच बदलावा लागतो. ही एक गोष्ट समजली की एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस घोकावं लागत नाही.

फीमरचा दांडा आतच असतो, मांडीच्या स्नायूंमध्ये बुडालेला, तो हाताला लागत नाही, तिथे वेळ घालवू नका. लांबी आपल्या उंचीच्या साधारण पाव.

गुडघा

इथे अर्धा तास द्या. खुर्चीवर बसा, पाय सरळ लांब करून दुसऱ्या खुर्चीवर ठेवा आणि मांडी एकदम सैल सोडा. आता वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा, हलते. मांडी ताठ करा, जागेवर लॉक. कारण वाटी मांडीच्या मोठ्या स्नायूच्या शिरेतच वाढलेलं हाड आहे, शरीरातलं सगळ्यात मोठं सिसॅमॉइड. जन्माच्या वेळी ती नुसती कूर्चा असते, तीन ते सहा वर्षांत हाड व्हायला लागते, म्हणून छोट्या बाळाच्या एक्सरेमध्ये वाटी दिसत नाही आणि आईबाप घाबरतात.

आता गुडघा ९० अंशात वाकवा, पाऊल जमिनीवर. वाटीच्या खालून एक जाड दोरी खाली जाते, तिच्या दोन्ही बाजूंना मऊ खळगे आहेत. खळग्यात अंगठे रुतवा. तुम्ही सांध्याच्या रेषेवर आहात, वर फीमर, खाली टिबिया. आतल्या बाजूला रेषेवरून बोट सरकवत मागे न्या, इथेच मेडियल मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली आतल्या बाजूची कूर्चेची गादी. तो बाहेरच्यापेक्षा जास्त वेळा फाटतो, कारण तो आतल्या लिगामेंटला आणि कॅप्सूलला, म्हणजे सांध्याच्या पिशवीला, चिकटलेला असल्यामुळे त्याला सरकायला जागा कमी. बाहेरचा मोकळा, तो निसटून जातो.

दोरी जिथे टेकते तो टिबियाचा उंचवटा म्हणजे टिबियल ट्युबरॉसिटी. तिथे एक टिंब काढा आणि वाटीच्या मधोमध दुसरं. गुडघा वाकलेला असताना खालचं टिंब वाटीच्या मध्याखाली किंवा जरासं आतल्या बाजूला दिसेल. आता हळूहळू पाय पूर्ण सरळ करा आणि टिंबांवरून नजर हटवू नका. शेवटच्या थोड्या अंशांत खालचं टिंब बाहेरच्या बाजूला सरकतं. दिसलं? पुस्तकात अर्धं पान असतं तो लॉकिंगचा स्क्रू हाच. पाय हवेत असेल तर टिबिया बाहेर वळतो, पाय जमिनीवर रोवलेला असेल तर फीमर आत वळतो, गोष्ट एकच. लॉक झालेला गुडघा स्नायूंना फार त्रास न देता उभा राहतो, म्हणूनच दरवाज्यात उभ्या उभ्या डोंबिवली गाठणारे झोपा काढू शकतात. उघडायला किल्ली लागते ती पॉपलिटियस नावाच्या गुडघ्यामागच्या छोट्या स्नायूची. शाळेत मागून कोणी गुडघ्याच्या लवणीत गुडघा मारला की आपण कोसळायचो, तेव्हा त्या बिचाऱ्याला वेळच मिळायचा नाही.

आता गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या रेषेपासून खाली आणि जरा मागे, गोटीसारखं हाड. फिब्युलाचं डोकं. ट्युबरॉसिटीच्या साधारण समोरासमोर. व्हायवातला हक्काचा सापळा: गुडघ्याच्या सांध्यात कुठली हाडं? फीमर, टिबिया, वाटी. फिब्युला नाही. तो टिबियाला खालून चिकटलाय, गुडघ्यात त्याचा काही संबंध नाही. या गोटीच्या लगेच खाली मानेवर बोट आडवं फिरवा, एक दोरा बोटाखालून सटकेल, पावलाच्या वरच्या भागात झिणझिण होईल. ती कॉमन पेरोनियल नर्व्ह, हाडाला खेटून आणि कातडीच्या लगेच खाली. घट्ट प्लास्टर, बाहेरून बसलेला मार, किंवा तासन्‌तास पायावर पाय टाकून बसणं, आणि पाऊल वर उचलेनासं होतं. एकदाच फिरवा, गंमत म्हणून दाबत बसू नका.

नडगी

बसच्या पायरीला नडगी आपटून डोळ्यांसमोर काजवे ज्यांना दिसलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ट्युबरॉसिटीपासून खाली घोट्यापर्यंत बोट फिरवा, टिबियाची आतली बाजू पूर्ण उघडी आहे, वर फक्त कातडी. म्हणूनच बाईकवरून पडल्यावर हाड कातडी फोडून बाहेर येण्याचं प्रमाण टिबियात जास्त, आणि खालच्या तिसऱ्या भागात स्नायू कमी, रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तिथलं फ्रॅक्चर जुळायला फार वेळ घेतं.

फिब्युला फार थोडा भार घेतो. तरी तो कामाचा, स्नायू लावायला जागा आणि घोट्याची बाहेरची भिंत. मधला तुकडा काढून जबड्याला किंवा दुसरीकडे बसवतात आणि माणूस चालतो, फक्त खालचा भाग सोडतात नाहीतर घोटा डगमगेल.

रविवारच्या मटणाबद्दल एक आगाऊ सल्ला. खाटकाकडून गुडघ्यासकट तंगडी मागून घ्या आणि शिजवायच्या आधी सुरीने सांधा उघडा. पांढरी गुळगुळीत कूर्चा, आडवी तिडवी जाणारी दोन क्रुशिएट लिगामेंट, चंद्रकोरीसारखे मेनिस्कस, सगळं समोर. फॉर्मलिनमधल्या राखाडी सांध्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. फक्त फिब्युला शोधू नका, शेळीत तो जवळजवळ उरलेलाच नाही. आणि शेळीचा मागच्या पायाचा जो गुडघा उलटा वाकल्यासारखा वाटतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, बकरी कायम बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालते. आई बघत असेल तर तिला आधी सांगून ठेवा, माझ्या आईने मला सुरीसकट ओट्यावरून हाकललं होतं.

घोटा आणि पाऊल

दोन्ही घोट्यांवर एकाच वेळी बोटं ठेवा. आतला टिबियाचा, बाहेरचा फिब्युलाचा. बाहेरचा सुमारे एक सेंटीमीटर खाली आणि जरा मागे. म्हणूनच पाऊल बाहेर वळायला अडथळा जास्त आणि आत वळायला मोकळीक, आणि फुटपाथच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मुरगळतो तो बहुतेक वेळा आतच. बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे सूज येते, तिथे पहिलं लिगामेंट जातं, अँटेरियर टॅलोफिब्युलर.

दोन घोट्यांच्या चिमट्यात टॅलस बसतो. तो पुढे रुंद, मागे अरुंद. पाऊल वर खेचलं की रुंद भाग चिमट्यात शिरतो आणि घोटा घट्ट, टाच उचलली की अरुंद भाग येतो आणि घोटा ढिला. हाय हील्समध्ये आणि जिना उतरताना पाय का मुरगळतो ते आलं का लक्षात. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही, हाही आवडता प्रश्न. अजून एक, घोट्याचा सांधा फक्त वर-खाली करतो. पाऊल आत-बाहेर वळतं ते त्याच्या खालच्या सांध्यांत, मुख्यतः टॅलस आणि टाचेच्या मध्ये. टाच हाताने घट्ट धरून पाऊल वळवायचा प्रयत्न करा, फारसं जमत नाही.

आता आतल्या घोट्याच्या पुढे-खाली, साधारण दोन बोटांवर एक उंचवटा, तो नॅव्हिक्युलर. बाहेरच्या कडेला टाच आणि करंगळीच्या मधोमध दुसरा, तो पाचव्या मेटाटार्सलचा, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचा बुंधा. दोन्हीवर टिंब. नॅव्हिक्युलरच्या पुढे तीन क्युनिफॉर्म, बाहेर टाचेपुढे क्युबॉइड, आणि टाच व टॅलस धरून झाली सात. चवड्याखाली अंगठ्याच्या मुळाशी दाबा, दोन छोट्या गोट्या, त्याही वाटीसारख्या शिरेतल्या.

ही टिंबं उगाच नाही काढायला लावली. पाय मुरगळला की एक्सरे काढायचा का, याचा कॅनडात तयार झालेला ओटावा नियम आहे तो याच जागांवर उभा आहे. घोट्याजवळ दुखत असेल आणि कुठल्याही घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखलं, तर एक्सरे. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल आणि नॅव्हिक्युलरवर किंवा पाचव्याच्या बुंध्यावर दाबल्यावर दुखलं, तर एक्सरे. आणि लागल्या लागल्याही आणि तपासतानाही, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्सरे. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस, मधुमेहाने पाय बधिर झालेला, यांच्यावर हा नियम स्वतः वापरू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

कमान बघायला पावसाळा बेस्ट. भिजून घरी आलात की कोरड्या लादीवर एक पाऊल टाका आणि मागे वळून ठसा बघा. आतल्या बाजूला कोरडी जागा राहिली तर कमान आहे, पूर्ण पाऊल उमटलं तर सपाट. सपाट पाय असून काहीही न दुखणारी माणसं भरपूर आहेत, लगेच महागडे सोल घ्यायला पळू नका.

आता हातात हाड

फीमर: गोळा वर आणि आत, दांड्याची खरखरीत उभी कड मागे. गोळा ज्या बाजूला बघतोय त्याच्या विरुद्ध बाजूचं हाड.

टिबिया: रुंद टोक वर, ट्युबरॉसिटी आणि धारदार कड पुढे, खालचं लोंबतं टोक आत.

वाटी: गुळगुळीत बाजू टेबलावर ठेवा, टोक तुमच्यापासून लांब. ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूची. बाहेरचा गुळगुळीत भाग मोठा असल्यामुळे ती त्यावरच रेलते. हे बघताना मजा येते.

कमरेचं हाड: खोबण बाहेर, मोठं भोक खाली, बसायचा भाग मागे. एएसआयएस आणि पुढचं मध्याचं टोक भिंतीला टेकवल्यासारखं एका उभ्या पातळीत आणा, तेव्हा ते शरीरात असतं तसं धरलं जातं. निम्मी मुलं ते आडवं धरतात.

आणि फिब्युला. गोटीसारखं टोक वर, चपटं टोकदार टोक खाली. खालच्या टोकावर एक गुळगुळीत तिकोनी जागा आहे, टॅलसला लागते ती. ती तुमच्याकडे करा. तिच्या बाजूला एक खड्डा दिसेल, तो शरीरात मागे असतो. खड्डा तिकोन्याच्या उजवीकडे दिसला तर हाड उजवं, डावीकडे दिसला तर डावं. एवढंच होतं. गोंधळलात तर व्हायवाच्या टेबलावर हाड सरळ स्वतःच्या पायाला लावून बघा, कोणी रागवत नाही.

बोन सेट सिनियरकडून जुना मिळाला तर हाडं मोजून घ्या, पावलाची बारकी हाडं हमखास गायब असतात. आणि खरी हाडं असतील तर जरा जपून आणि मानाने वागवा, ती कोणाची तरी आहेत. एकेकाळी जगभरच्या कॉलेजांना सांगाडे आपल्याच देशातून जायचे, १९८५ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. लोकलने नेणार असाल तर चेन पूर्ण लागणारी बॅग घ्या. माझा फीमर कुर्ल्याला पिशवीतून डोकं काढून बाहेर आला होता आणि शेजारच्या काकूंनी मला चक्क चौथी सीट सोडून तिसरी दिली.

आयब्रो पेन्सिल खोबरेल तेलाने निघते. परमनंट मार्कर नाही निघत. हे मला माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही पायांवर सगळी हाडं नावासकट काढून झाल्यावर कळलं, दुसऱ्या दिवशी त्याची टर्फवर मॅच होती आणि अख्खी टीम त्याच्या नडगीवर टिबिया वाचत होती.